कलम पाच : स्वारीची जनावरे

१६ नोव्हेंबर १९६१, दुर्ग

आज कॉलेजात माझी जी फजिती झाली ती लिहून काढल्याशिवाय चैन पडायचं नाही.

विज्ञान इमारतीची पायाभरणी होती. भोपाळहून पाहुणे आलेले, पोलाद कारखान्याचे साहेब आलेले, तो उभारायला आलेले दोन रशियन आपल्या बायकांसह आलेले. मंडप सजवायचं काम माझ्याकडे. अकरा मुलींना घेऊन कालपासून झेंडूच्या माळा ओवत होते. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मागून हसू फुटलं. वळून पाहते तो मनकर्णाची घोडी दोर तोडून मंडपाच्या मागच्या खांबाशी उभी, आणि माझी माळ शांतपणे चघळत होती. माळ कनातीला बांधलेली. घोडीने मान हलवली आणि कनात खाली. कनात पडल्यावर पलीकडे म्हशी दिसल्या, तीस-चाळीस, तळ्यावर निघालेल्या. त्यांची ती वाट जुनीच आहे, कॉलेजला मात्र तीनच वर्षं झालीत.

मनकर्णा पहिल्या वर्षाला आहे, माझ्या संस्कृतच्या वर्गात. बाप रामाजी कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर. मूळचे साकोलीकडचे शेतकरी, अजून क्वार्टर नाही, पावर हाउस स्टेशनच्या मागच्या मजुरांच्या कॅम्पात राहतात. लहानपणच्या तापात मुलीचा उजवा पाय गेला, गुडघा वाकत नाही, म्हणून बापाने बाजारातून ही बुटकी घोडी आणून दिली. मैना नाव. पोरगी तिच्यावर पाय टाकून बसते, बाप्यासारखी, आणि तीन मैलांवरून वर्गाच्या दारापर्यंत येते.

काठी टेकत आली, दोर धरला, घोडीच्या मानेवर थोपटलं आणि मला म्हणाली, "भूक लागली असन तिले, बाई." पाहुणे हसले, रशियन बायका तर टाळ्या वाजवायला लागल्या. सगळ्यांना हसता आलं, मला आलं नाही.

नंतर प्राचार्यांनी बोलावलं. "कमलिनीजी, जानवरों के कुछ नियम बनाइए. आपके पिताजी तो कचहरी में थे." फेब्रुवारीत विद्यापीठाची कमिटी यायची आहे, त्याआधी हवेत. माझी नोकरी कायम व्हायची तीही फेब्रुवारीतच. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, तरी ऐकू आलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

आई गेल्यापासून बाबांना एवढं हुशारलेलं पाहिलं नव्हतं. कोर्टातल्या पेशकारीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सकाळी टाक धुऊन, चष्मा पुसून तयार. "आधी व्याख्या," म्हणाले. "जनावर म्हणजे काय ते ठरव. कोर्टात निम्मे खटले व्याख्येवर पडतात."

दुपारपर्यंत नऊ कलमं झाली. मोकाट जनावरं, पाळीव जनावरं, पक्षी, विष्ठा कोणी उचलायची, खेळ करणाऱ्यांची माकडं-अस्वलं, प्रयोगशाळेतले जीव (हे अपवादात), प्राचार्यांची लेखी परवानगी. मसुदा हिंदीत केला, पण पाचवं कलम इथे मराठीत उतरवून ठेवते, कारण ते मला सगळ्यात नेटकं वाटतं: "स्वारीचे, ओझ्याचे अथवा गाडीचे कोणतेही जनावर फाटकाच्या आत आणता येणार नाही."

बाबांनी विचारलं, "कोणी येतं का स्वारीवर?"

"एक मुलगी येते."

"मग?"

"मग काय? नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. मुलीच्या पायाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

संध्याकाळी उगाच अंगणात येरझारा घातल्या. काम झालं की बरं वाटायला हवं.

२७ नोव्हेंबर

नियम लागले. प्राचार्यांनी वाचून "सुंदर" म्हटलं. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा भात मागून घेतला.

फाटकावरचा फकिरा भंडाऱ्याकडचा, लिहिता-वाचता येत नाही, पण एकदा ऐकून नऊच्या नऊ कलमं पाठ केली. सकाळपासून त्याने गवळी अडवला, धोब्याचं गाढव अडवलं, आणि प्राचार्यांच्या बंगल्यावरची गायही अडवली, जी रोज चरायला बाहेर जाते आणि आपली आपण परत येते. गायीसाठी लगेच परवानगीचा कागद निघाला. फकिरा तो छातीशी धरून मला विचारायला आला, "बाई, हा कागद गाईच्या गळ्यात बांधाचा का माया खिशात ठेवाचा?"

मनकर्णा आज आली नाही. घरी काही काम असेल.

२ डिसेंबर

फकिरा स्टाफरूमच्या दाराशी आला. "मनकर्णाले थांबवलं मी. बरोबर केलं ना, बाई?"

"नियम आहे."

"हो, नियम तं हायेच." पण हलला नाही. "तुमी येकडाव पाहून घेतलं असतं."

मला तास होता. वर्गाच्या खिडकीतून फाटक दिसतं. सरकारने जमीन सढळ हाताने दिलेली, कोणीतरी पुढे मोठी बाग ठरवून फाटक रस्त्याला आणि इमारती पार मागे बांधल्या. बाग कधी झालीच नाही. मधे अर्धा मैल लाल मुरूम. घोडीला तिने बाहेरच्या बाभळीला बांधलं आणि चालायला लागली. काठी, चांगला पाय, मग वाईट पाय ओढून पुढे. दोनदा थांबली. बावीस मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत बसले होते असं नाही. घड्याळ समोरच होतं.

हजेरी झालेली होती. कमिटी येणार म्हणून हल्ली हेडक्लार्क दहा मिनिटांनी रजिस्टर उचलूनच नेतात. तिला सांगितलं, आजची हजेरी लागणार नाही. पदराने मान पुसत म्हणाली, "नोका लावू. बसू देता ना पन?"

बसली. सबंध तास माझ्याकडे एकटक पाहत होती. मुलींनी असं पाहू नये.

९ डिसेंबर

आठवडाभर हेच. बाकीच्या तासांना ती पोचलेली असते, अडतो तो माझाच तास.

तिला म्हटलं, "घरून थोडं लवकर निघत जा."

"नळ सातले येते, बाई. मायले पानी भरून देल्याशिवाय कशी निघू? ती तं सातच्या आंदीच बांधकामावर जाते."

फकिराने आपल्या डोक्याने तोड काढली. विटा वाहायची दोनचाकी गाडी धुऊन पुसून, वर पोतं अंथरून फाटकाशी उभी केली. "बस, मी ढकलतो." तिने गाडीकडे पाहिलं. "मी काय इटा-गिट्टी हाय का, फकिराकाका?" आणि चालायला लागली. फकिरा रिकामी गाडी ढकलत तिच्या मागे मागे आला, अर्धा मैल. बहुधा ती पडलीच तर असावी म्हणून. सगळी पोरं बघत होती.

एवढा ताठा कशाला हवा, असं मला वाटलं. मी असते तर बसले असते. खरंच बसले असते. आजवर ज्याने जी गाडी पुढे केली तिच्यात मी बसत आले आहे. शाळेत चित्रकला हवी होती, तिथे संस्कृत मिळालं ते घेतलं. नागपूरला जायचं होतं, दुर्गलाच राहिले. हे इथे का लिहिते आहे कळत नाही.

१५ डिसेंबर

प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, कलम पाचला एक अपवाद जोडू या. लगेच खिडकीकडे वळले. आज मनकर्णासाठी केला तर उद्या गवळी येईल, परवा गाडीवाले येतील, कमिटीसमोर कॉलेज दिसायला हवं, गोठा नाही.

"गायीला परवानगी दिलीत," मी म्हटलं. माझ्याच तोंडून कसं निघालं कोण जाणे.

ते खुर्चीत येऊन बसले. मग हिंदीत, अगदी गोड: मसुदा आपणच केलात. या मुलीची अडचण आपल्याला ठाऊक नव्हती का? तेव्हाच सांगायचं होतं. आता कमिटी जाऊ द्या. तुमचा कागदही तेव्हाच निघेल.

"हो, सर" म्हणून बाहेर आले. घरी जायची पॅसेंजर उशिरा होती. पावर हाउसच्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या झाल्या असतील. एक हमाल म्हणाला, "बहनजी, कुछ खो गया क्या?"

१६ डिसेंबर

रामाजी आला होता. थेट ड्यूटीवरून, भुवया कोळशाने काळ्या. खुर्ची दिली तर बसला नाही, खुर्ची खराब होईल म्हणून.

"माया पोरीले कावून रोकता, बाई? शिकाले येते, कोनाचं खाऊन नाही राहिली."

मी सांगितलं, मनकर्णाला नाही, घोडीला रोखलं आहे.

"घोडी म्हनजे तिचा पायच हाय ना." रागाने नाही, मला समजलं नसेल म्हणून समजावल्यासारखा बोलला. मग स्वतःच म्हणाला, "तुमची काय चूक. वरून हुकूम आला असन."

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

त्याने हिशेब मांडला. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. दुपारची शिफ्ट असली की सकाळी तो मोकळा, फाटकापासून वर्गापर्यंत पाठीवर घेऊन येईल. सकाळची असली की जमणार नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात सुटायलाच उशीर होतो, त्यात तासाची वेळ टळून जाते. "तीनातला येक आठवडा तं मी आनतोच. बाकी दोन तुमी पाहून घ्या, बाई."

नमस्कार करून गेला. फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे राहिले होते. शिपायाला पुसायला सांगितले, आणि मग तो पुसत असताना तिथे बसवेना.

८ जानेवारी १९६२

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं. हेडक्लार्ककडून रजिस्टर मागून घेतलं. डिसेंबरातल्या एका आठवड्यात मनकर्णाच्या नावापुढे सलग हजेरी, बाकी सगळी गैरहजेरी. ओळीवर बोट फिरवलं तर बापाची शिफ्ट वाचता येते. ठरलेल्या हजेऱ्या भरल्या नाहीत तर परीक्षेचा फॉर्म जाणार नाही. मी मोजून पाहिलं. हे असंच चाललं तर नाही जात.

गावात सगळीकडे आठ ग्रह एकत्र येणार त्याची बोलणी. फेब्रुवारीच्या पाच तारखेला जग बुडणार म्हणे. कमिटी त्याच दिवशी यायची आहे.

१७ जानेवारी

मनकर्णा पडली.

मी पाहिलं नाही, फकिराने सांगितलं. बाहेरच्या रस्त्याने गिट्टीचे ट्रक जातात. ती बाभळीपाशी उतरत होती, तेवढ्यात एकाने अगदी जवळ येऊन भोंगा वाजवला. मैना उधळली. हिचा पाय रिकिबीतून निघेना. दहा-पंधरा हात फरफटत गेली. घोडीचे पुढचे गुडघे फुटले, हिच्या मनगटाला लागलं, कपाळाला खोक पडली. फकिराने कारखान्याच्या जीपला हात दाखवून दवाखान्यात नेलं.

"आत बांधू देलं असतं तं ट्रक काहाले आला असता आंगावर," फकिरा म्हणाला. माझ्याशी बोलला की स्वतःशी, ठाऊक नाही.

आज तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही. एका मुलाने फळ्यावरची माझी चूक दाखवली, द्वितीयेच्या जागी चतुर्थी.

२१ जानेवारी, रविवार

कॅम्पात गेले होते. बाबांना सांगितलं, एक विद्यार्थिनी आजारी आहे. ते म्हणाले, "रविवारी?" पण अडवलं नाही.

पत्र्याच्या खोल्यांची रांग, मधून नाली. दूर भट्ट्यांच्या चिमण्या. दारात मैना उभी, गुडघ्यांना हळदीच्या चिंध्या. मनकर्णा आत खाटेवर, हात गळ्यात बांधलेला, डाव्या हाताने पुस्तक धरून विभक्ती म्हणत होती आणि तिची आई राधाबाई पीठ मळता मळता मागून म्हणत होती. "तिले येकटीले म्हनाले कटाळा येते," राधाबाई म्हणाली, "म्हनून मी बी." सगळी रूपं बरोबर होती. आईची नुसती बरोबरच नव्हती, त्यांना चालही लागलेली होती.

मला चहा दिला. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना राधाबाई अभिमानाने सांगत होती, "कालेजच्या बाई आल्या. पोरीसाठी साहेबासंगं भांडल्या, रामाजीनं सांगतलं." मी भांडले नव्हते. गायीबद्दल एक वाक्य बोलले होते, तेही कसंबसं. रामाजीला कोणी सांगितलं देव जाणे. मी नाही म्हटलं नाही. चहा फार गोड होता.

मनकर्णा मात्र त्या बायांसारखी पाहत नव्हती. म्हणाली, "परवापासून येतो मी. हाताले लागलं, पायाले नाही."

"एवढ्यात?"

"तास बुडून राहिले ना, बाई."

२३ जानेवारी

आज मी जे केलं ते ठरवून केलं नाही.

स्टेशनवरून चालत फाटकाशी पोचले तेव्हा मनकर्णा बाभळीखाली उतरत होती. एका हाताने. दुसरा गळ्यात. फकिरा घोडीला धरून होता. काठी धरायची कोणत्या हाताने हा प्रश्न होता. डाव्या हाताने धरली तर भार भलत्याच बाजूला जातो. एक पाऊल टाकून पाहिलं, हेलपाटली. पुन्हा टाकलं.

मी तिला म्हटलं, "खाली बस. इथेच." आणि फकिराला, "वर्गावर जा. सगळ्यांना म्हणावं वह्या घेऊन फाटकाशी या. रजिस्टर पण आण."

"इथं, बाई?"

"इथं."

तो धावतच गेला. एकतीस मुलं-मुली अर्धा मैल चालत आली, काही सायकलींवर. फाटकाबाहेर, बाभळीच्या सावलीत, मुरमावर बसली. मी उभी राहून हजेरी घेतली. ट्रक गेला की थांबायचं, धूळ बसली की पुढे. मैना मागे उभी राहून पोरांच्या वह्या हुंगत होती. दहा मिनिटांनी हेडक्लार्क धापा टाकत आले. रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. सगळे हजर होते.

प्राचार्य आज रायपूरला गेलेले. उद्या कळेल.

बाबांना सांगितलं तर आधी रागावले, मग उठून माझी नियमांची प्रत घेऊन आले. दोनदा वाचली. "जनावर आत येणार नाही असं आहे," म्हणाले. "वर्ग बाहेर जाणार नाही असं कुठेच नाही." आणि हसले. "तू कलम मोडलेलं नाहीस." मला मात्र हसायला आलं नाही. 

३० जानेवारी

रोज बाभळीखाली. प्राचार्यांनी दोनदा बोलावून विचारलं, हे किती दिवस? मी म्हटलं, कलम पाच आहे तितके दिवस.  त्यांनी लेखी मनाई केली नाही. कमिटी सहा दिवसांवर असताना त्यांना कागद वाढवायचे नसावेत.

जेवण जात नाही. सकाळी पाचपासून जाग. पोरं मला आता वाटेत थांबून नमस्कार करतात, एकाने तर "बाई, तुम्हीच खरं" असं काहीतरी म्हटलं. अशा वेळी पळून जावंसं वाटतं.

५ फेब्रुवारी

जग बुडालं नाही.

पॅसेंजर जवळजवळ रिकामी होती. अर्धं दुर्ग घरात देव पाण्यात ठेवून बसलेलं. तिघांच्या कमिटीतले दोघंच आले. तिसऱ्यांना घरच्यांनी प्रवासाला सोडलं नाही म्हणे.

मला वाटलं होतं आमचा तास संपल्यावर येतील. मोटार बरोबर हजेरीच्या वेळी फाटकाशी येऊन थांबली. प्राचार्य आतून जवळजवळ धावत आले. मोटारीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले, अध्यक्ष. आमच्याकडे पाहिलं. वर्ग उभा राहिला. मनकर्णा उठायला लागली तर तिला हाताने बसवलं.

"वर्ग बाहर क्यों है?"

मी पर्समधून नियमांचा कागद काढून दिला. दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी उन्हात उभं राहून नऊच्या नऊ कलमं वाचली. मग मनकर्णाची काठी पाहिली, घोडी पाहिली, आत त्या लांबच लांब मुरमाकडे पाहिलं.

"किसने लिखे हैं?"

"मी. मैंने."

"बहुत अच्छे लिखे हैं." थांबले. "फिर यह लड़की?"

प्राचार्य पुढे झाले. "अनवधान से रह गया, सर. इनकी पहली कोशिश थी."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मुरमाकडे पाहत होते. त्यांनी तिथेच शेरा लिहिला की कलम पाचला अपवाद जोडावा, या मुलीच्या घोडीला वर्गाच्या दारापर्यंत येऊ द्यावं, आणि तसं विद्यापीठाला कळवावं. मग मनकर्णाला एक रूप विचारलं. तिने सांगितलं. आणखी एक विचारलं, तेही सांगितलं. मान डोलावून आत गेले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मनकर्णाने वाजवल्या नाहीत. एक हात बांधलेला होता, म्हणूनही असेल.

७ फेब्रुवारी

आज फाईल आली. एकाच फाईलमध्ये दोन कागद. वरचा माझ्या नोकरीचा, कायम केल्याचा, फक्त प्राचार्यांची सही बाकी. खालचा विद्यापीठाला पाठवायचं स्पष्टीकरण, माझ्या नावाने टाइप केलेलं: "नियम बनाते समय अनवधानवश उक्त छात्रा का ध्यान नहीं रहा." खाली माझ्या सहीची जागा. खालच्यावर माझी झाली की वरच्यावर त्यांची. तोंडाने कोणी काही म्हणालं नाही. उद्यापर्यंत घरी वाचून आणा, म्हणाले.

बाबांपुढे ठेवला. "सही करून टाक," म्हणाले. "असे शब्द कागदावर असतातच. कोणाचं काही बिघडत नाही. पोरीला परवानगी मिळालीच."

"बाबा, तो शब्द खरा नाही."

"म्हणजे?"

"मला माहीत होतं. तिचा पाय, फाटकापासूनचं अंतर, सगळं. मंडपात फजिती झाली, ती घोडीला थोपटत राहिली आणि सगळे हसले, ते डोक्यात होतं. मुद्दाम लिहिलं कलम."

बाबा चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. "तू मला पायाचं सांगितलं असतंस तर मी ते कलम लिहू दिलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं नाही."

हे बोलून गेल्यावर मलाच कळलं की हे असंच होतं.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग बाबांनी टाक माझ्यापुढे सरकवला. "खोडायचा तर एका रेघेने खोड, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. वर नवा लिही. आणि बाजूला सही कर. नाहीतर कोणी म्हणेल, दुसऱ्याने खोडला."

मी "अनवधानवश" खोडलं. वर लिहिलं, "जानते हुए भी". बाजूला सही केली, खाली सही केली.  अक्षर चांगलं आलं आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार

वरचा कागद फाईलमधून निघाला. त्याच्या जागी दुसरा आला, सत्रअखेर म्हणजे एप्रिलअखेर सेवा समाप्त. प्राचार्य रागावले नाहीत. दुःखी चेहरा करून म्हणाले, "एक शब्द के लिए, कमलिनीजी?" नमस्कार करून बाहेर आले.   सेक्टर दहात नवी शाळा निघते आहे, तिथे अर्ज करीन. बाबा म्हणाले, मसुदा मी पाहून देतो.

सकाळी मनकर्णा घोडीवरून आत आली. फकिराने फाटक दोन्ही बाजूंनी उघडलं, एका बाजूने पुरलं असतं. मी मुरमावरून चालत होते. तिने मला गाठलं आणि घोडी माझ्या चालीने चालवायला लागली. कपाळावरची खोक भरून येते आहे.

"हेडक्लार्क सांगत होते, तुमी कागदावर काई लिवलं."

"हो."

"मी पाह्यलं नाही. तुमीच सांगा. कलम लिवलं तवा तुमाले मी मालूम होती?"

"होतीस."

"पाय बी?"

"हो."

मी वर पाहिलं नाही. ती रडेल किंवा ओरडेल, असं काहीतरी मनात धरून चालत होते.

"मंग मी आता काय म्हनू तुमाले?" ती म्हणाली. "राहू द्या म्हनू?"

"नको."

"नाहीच म्हनत."

वर्ग जवळ आला. दारासमोर तिने घोडी थांबवली, पण उतरली नाही.

"एप्रिलपर्यंत हाय ना तुमी?"

"आहे."

"माया बावीस तासाचं राहिलं हाय. आत येऊन बसली तरी आर्धंच आयकलं, पाय ठनकून राहाचा. नवे मास्तर येतीन तं ते पुढचं शिकवतीन, मागचं कोन सांगन? ते पुरं करून द्या. आर्धं ठेवून जाऊ नोका."

मी हो म्हटलं. काठी धरली, ती उतरली. माझ्या खांद्याला हात लावला नाही, काठीच घेतली.

उद्या रविवार. साडेआठला ती कॉलेजात वर्गावर येणार आहे, मीही पहिल्या गाडीने जाईन. बाबांना सांगितलं, जेवायला थांबू नका.